तळातली हीटिंग केबल बदलायची का? एका जुन्या प्लांटेड टँकचं प्रकरण

ग्रॅव्हलखाली, म्हणजे टँकच्या तळातल्या बारीक खडीखाली, ऊब देणारी हीटिंग केबल टाकावी की नाही ह्यावर प्लांटेड टँकवाल्यांची, म्हणजे माशांच्या टँकमधे खरी झाडं वाढवणाऱ्यांची, मतं अगदी दोन टोकांची असतात. एकजण म्हणतो केबलशिवाय मुळं धरतच नाहीत, दुसरा म्हणतो सगळं थोतांड आहे, आणि दोघांपैकी तळातलं तापमान खरंच मोजून बघितलेलं माणूस क्वचितच भेटतं. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहून काढतोय, कारण ह्यात केबल होती, केबलवर खापर फुटलं होतं, आणि मग शांतपणे एकेक गोष्ट मोजत गेल्यावर चित्र बरंच वेगळं निघालं. टँकच्या मालकीणबाईंनी नाव टाकू नको असं सांगितलंय, त्यामुळे इथे त्या नुसत्या ताई.

पार्श्वभूमी

टँक १२० बाय ४० बाय ५० सेंटीमीटरचा, म्हणजे हिशोबाने २४० लिटर, पण ग्रॅव्हल आणि लाकूड धरलं तर प्रत्यक्ष पाणी २०० च्या आसपासच. बरीच वर्षं चालू असलेला, एकदाही पूर्ण उपसलेला नाही. तळात २-३ मिमीचं ग्रॅव्हल, एकूण थर आठेक सेंटीमीटर, आणि त्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात लॅटराइट म्हणजे ती लोहयुक्त लाल माती मिसळलेली. सगळ्यात खाली काचेला चिकटवलेल्या क्लिपांवर ५० वॅटची केबल, २४ व्होल्टवर चालणारी, तिचा ट्रान्सफॉर्मर खाली स्टँडमधे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढे सगळं प्रकरण तिच्यावरच फिरलं. ही केबल मुळात ताईंच्या आधीच्या लहान टँकसाठी घेतलेली होती, त्यामुळे ह्या टँकमधे ती फक्त डावीकडच्या दोन तृतीयांश भागातच पुरली. उजवीकडे मोठं लाकूड, त्यावर अनुबियास आणि जावा फर्न ही लाकडावर वाढणारी झाडं, आणि लाकडाच्या पुढे थोडे स्वॉर्ड आणि क्रिप्ट, म्हणजे तळात मुळं धरणारी झाडं. म्हणजे पाणी तेच, लाईट तोच, झाडांसाठी सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) तोच, माती तीच, फक्त उजवीकडे खाली केबल नाही. अशी आयती तुलना ठरवूनसुद्धा कोणी सहसा करत नाही.

पाणी तापवायला वेगळा हीटर होता. कंट्रोलर असे लावलेले की पाणी थंड व्हायला लागलं की आधी केबल चालू होणार, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच हीटर. दोन्हींचे सेन्सर पाण्यातच.

केबलमागचा विचार

ही पद्धत १९८० च्या दशकात जर्मनीतल्या डुप्ला कंपनीने लोकप्रिय केली. कल्पना साधी आहे. तळाशी थोडीशी ऊब दिली की तिथलं पाणी हलकं होऊन हळूहळू वर चढतं, त्याची जागा घ्यायला बाजूचं थंड पाणी खाली उतरतं, आणि असा अगदी संथ प्रवाह सतत चालू राहिला तर पाण्यातली खतं मुळांपर्यंत पोचतात, तळ सडत नाही, आणि ग्रॅव्हलमधूनच पाणी ओढणाऱ्या अंडरग्रॅव्हल फिल्टरसारखा जोराचा प्रवाह नसल्यामुळे लॅटराइटमधलं लोहही एकदम वाया जात नाही.

कल्पनेत चूक काही नाही, पण ती चालते की नाही हे ग्रॅव्हलच्या दाण्यावर ठरतं आणि हे फार कमी लोक सांगतात. दाण्यांमधून पाणी किती सहज जाईल ते दाण्याच्या आकाराच्या वर्गावर (स्क्वेअरवर) अवलंबून असतं, म्हणजे दाणा निम्मा केला की वाट चौपट अवघड. ३ मिमीच्या स्वच्छ ग्रॅव्हलमधे दोन-तीन अंशांच्या फरकाने पाणी तासाला काही सेंटीमीटर तरी सरकू शकतं, तेच ०.३ मिमीच्या बारीक वाळूत दाणा दहापट लहान म्हणून वेग शंभर पट कमी, म्हणजे नसल्यातच जमा. बारीक वाळूखाली किंवा मातीच्या थराखाली केबल टाकून 'प्रवाह तयार होतो' असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि दुसरं, तळात ऑक्सिजन जास्त असणं प्रत्येक वेळी चांगलंच असं नाही. लोह ऑक्सिजनवाल्या पाण्यात गंजाच्या रूपात बसून जातं, ते मुळांना मिळतं ते बहुतेक कमी ऑक्सिजनच्या भागातच. पाणवनस्पती आपल्या पेशींमधल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत स्वतःच ऑक्सिजन नेतात आणि मुळांभोवती सोडतातही, त्यामुळे थोडा काळसर तळ म्हणजे लगेच धोका असं नसतं.

अडचण

स्वॉर्डची नवीन पानं पिवळी यायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट, काही काही तर जवळजवळ पांढरी, आणि आकारही आधीपेक्षा लहान. जुनी पानं मात्र हिरवी. क्रिप्ट बऱ्यापैकी होते. अनुबियासला काही फरक नाही.

ताईंनी स्टँडखालून हात घालून तळाची काच चाचपून बघितली, ती गार लागली. कंट्रोलरचा दिवा तर लागलेला. झालं, केबल गेली असं पक्कं बसलं डोक्यात. त्यांनी १०० वॅटची नवीन केबल बघून ठेवली, म्हणजे आता दुप्पट, आणि ती टाकायला सगळा टँक उपसायचा बेत केला. मला विचारलं ते फक्त मासे तेवढे दिवस कुठे ठेवायचे एवढ्यापुरतं.

"ताई, केबल गेलीय हे कशावरून म्हणताय?"

"अरे केबल चालू होती तेव्हा झाडं जोरात होती, आता नाहीत. काच पण गार आहे. अजून काय पाहिजे?"

"उजवीकडच्या स्वॉर्डचं काय? तिथे तर केबल कधीच नव्हती."

त्यावर त्या गप्प झाल्या आणि उठून बघायला गेल्या. उजवीकडचे दोन्ही स्वॉर्ड तसेच पिवळे होते.

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण हाच. डावी-उजवी बाजू सारखीच आजारी असेल तर केबल गेली म्हणून झाडं बिघडली हे उत्तर टिकत नाही. पण नुसतं तेवढ्यावर केबलला निर्दोष ठरवणंही घाईचं झालं असतं, कारण ती खरंच बंद पडलेली असेल, नाहीतर तिचं वेष्टण फाटलेलं असेल तर ते वेगळंच संकट.

समोरचे पर्याय

चार होते. पहिला ताईंचा, सगळं उपसून १०० वॅटची केबल. ह्यात धोका असा की इतक्या वर्षांचा तळ ढवळला की अमोनिया आणि साठलेली घाण एकदम पाण्यात येते, क्रिप्ट तर मुळं हलली की पानं विरघळवून टाकतातच, आणि हे सगळं करूनही पिवळेपणाचं कारण तिसरंच निघालं तर हाती काहीच नाही.

दुसरा, लॅटराइट-ग्रॅव्हल काढून तयार अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे खत असलेली दाणेदार माती, टाकायची. चांगला पर्याय आहे, नवीन टँकला मी तोच सुचवतो, पण इथे ढवळाढवळ तेवढीच.

तिसरा, केबल प्लगमधून काढून तिथेच पडू द्यायची आणि मुळांशी खत द्यायचं. चौथा, केबल ठेवायची पण ती कधी आणि किती चालते ते नीट बांधायचं.

तिसऱ्या-चौथ्या पर्यायात एक मोठी गोष्ट होती, ते परत फिरवता येत होते. केबल बंद केली आणि वाईट झालं तर परत चालू करता येते, उपसलेला टँक परत जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की जे उलटवता येतं ते आधी, आणि तेही मोजमाप झाल्यावर.

आधी वायर बघितली

झाडांना हात लावण्याआधी वीज. २४ व्होल्टची केबल माणसाला सहसा इजा करत नाही हे खरं, पण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे मेन लाईनच असते आणि तो स्टँडमधे, पाण्याच्या खाली ठेवलेला. वायर टँकच्या कडेवरून सरळ ट्रान्सफॉर्मरवर उतरत होती, मधे खाली लोंबणारा वळसा नाही, त्यामुळे थेंब ओघळत थेट जोडावर जात असणार. जोड उघडला तर आत हिरवट कीट चढलेली. तो जोड बदलला, वायरला वळसा दिला म्हणजे थेंब जोडाच्या आधीच खाली पडेल, ट्रान्सफॉर्मर वरच्या फळीवर बांधला, आणि टँकच्या सॉकेटला ३० मिलीअ‍ॅम्पचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) नव्हता तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. केबल असो नसो, हे काम कुठल्याही टँकला लागतंच.

मग मल्टिमीटर. केबल ट्रान्सफॉर्मरपासून सुटी केली आणि दोन टोकांमधला रोध मोजला. २४ व्होल्टला ५० वॅट म्हणजे २४ चा वर्ग भागिले ५०, साधारण साडेअकरा ओहम यायला पाहिजे. आला ११.८. मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवल्या तर ०.३ दाखवत होता, तो वजा केला की अगदी जागेवर. केबल तुटलेली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं, आत कुठे शॉर्ट असता तर आकडा बराच कमी आला असता. मग एक काडी केबलच्या टोकाला आणि दुसरी टँकच्या पाण्यात धरून बघितली, तिथे काहीच वाट नाही, म्हणजे वेष्टण निदान ह्या चाचणीपुरतं शाबूत. मल्टिमीटर अगदी कमी दाबावर मोजतो त्यामुळे बारीकशी चीर सुटू शकते हे लक्षात ठेवायचं, पण ठळक बिघाड नव्हता.

मग काच गार का लागली? तर आपल्या तळहाताची कातडी ३२-३३ अंशांच्या आसपास असते. तळ २७-२८ अंशांवर असला तरी हाताला तो गारच लागणार. हाताने चाचपून केबल जिवंत की मेलेली ठरवणारे खूप जण आहेत, त्यांनी कृपया मीटर लावा.

तळात तापमान मोजलं

लांब सुईचा प्रोब थर्मामीटर घेतला आणि ग्रॅव्हलमधे सहाएक सेंटीमीटर खाली खुपसून जागोजागी आकडे घेतले. केबल त्यावेळी साधारण निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद अशी चालत होती. पाणी २५.०. डावीकडे केबलच्या बरोबर वर २८.२, दोन वेटोळ्यांच्या मधे २७. उजवीकडे, जिथे केबल नाही, २४.३, म्हणजे पाण्यापेक्षाही थोडं गार, कारण टँकच्या तळातून खाली उष्णता जात होती आणि खाली फोम अगदी पातळ होता. मग केबल दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवून परत मोजलं, डावीकडचा आकडा येऊन उजवीकडच्याला टेकला.

ह्यातून दोन गोष्टी कळल्या. केबल तिचं तापवायचं काम चोख करत होती. आणि १०० वॅटची टाकली असती आणि ती तेवढाच वेळ चालली असती तर तळ आणि पाणी ह्यातला फरक जवळपास दुप्पट झाला असता, म्हणजे मुळांशी ३० च्या पुढे. तापमान वाढलं की मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास वाढतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २४ अंशांना लिटरमधे साधारण ८.४ मिलिग्रॅम आणि ३० ला ७.६ च्या आसपास. म्हणजे मुळं घुसमटण्याची जास्त शक्यता. ताईंनी हे ऐकलं आणि १०० वॅटचा विषय तिथेच संपला.

प्रवाह खरंच होतो का ते बघितलं

तापतंय हे ठरलं, पण मुळात केबल टाकतात ती प्रवाहासाठी. मग खाण्याच्या रंगाचे थेंब टँकच्याच पाण्यात कालवले, आणि ते पाणी टँकच्या तापमानाला येऊ दिलं, कारण रंगाचं पाणी गार किंवा जड राहिलं तर ते आपोआप खाली बसतं आणि चाचणीच फसते. सिरिंजला बारीक एअरलाईन ट्यूब लावून पुढच्या काचेलगत दोन खोलींवर थोडं थोडं सोडलं, एकदम नाही, अगदी हळू, नाहीतर दाबानेच रंग पसरतो.

वरच्या तीनेक सेंटीमीटरात सोडलेला रंग तासाभरात गायब. खालच्या लॅटराइटच्या थरातला रंग दुसऱ्या दिवशीही तिथेच होता, कडा जरा पुसट झालेल्या, गोळा सुपारीएवढ्याचा लिंबाएवढा झालेला, पण वर चढल्याची एक रेघ नाही. काचेलगत दाणे जरा सैल बसतात, म्हणजे तिथे प्रवाह आतल्यापेक्षा जास्तच दिसायला हवा, आणि तिथेच हे असं.

ताईंकडे तेच ग्रॅव्हल थोडं उरलेलं होतं. ते धुऊन एका लहान काचेच्या टँकमधे तेवढाच थर केला, खालून हीटिंग मॅटने ऊब दिली आणि रंग सोडला. तिथे रंग तासाभराच्या आत बारीक धाग्यांसारखा वर येताना स्पष्ट दिसला. दाणा तोच, ऊब साधारण तेवढीच, फरक एवढाच की हे ग्रॅव्हल स्वच्छ होतं आणि टँकमधल्या ग्रॅव्हलच्या फटी वर्षानुवर्षांच्या गाळाने, तुटक्या मुळांनी आणि लॅटराइटच्या बारीक मातीने बुजल्या होत्या.

हा भाग मला ह्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो. ताई म्हणत होत्या की आधी केबलने झाडं जोरात होती, आणि सुरुवातीच्या काळात तळातून थोडा प्रवाह खरंच होत असणार, त्यांचं म्हणणं उगीच नव्हतं. पण टँक जुना होत गेला तसा केबलचा तो गुण आपोआप संपत गेला आणि राहिली नुसती ऊब.

वहीने काय सांगितलं

ताई वही ठेवतात. तारीख, तापमान, पाणी किती बदललं, काय छाटलं, कुठला दिवा लागलेला. ती वही चाळली तर उन्हाळ्याचे महिने केबल एकदाही चालू झाली नव्हती, कारण खोलीच इतकी गरम की पाणी आपोआप सेट केलेल्या तापमानाच्या वर. आणि त्याच महिन्यांत मागच्या वर्षांमधे स्वॉर्डची भरभरून वाढ झाल्याच्या नोंदी. म्हणजे ज्या काळात झाडं सगळ्यात चांगली होती त्या काळात केबल नावालाच होती. गरम खोलीत केबलचा उपयोग शोधणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यावा, थर्मोस्टॅट तिला चालूच करणार नाही, आणि थर्मोस्टॅटशिवाय चालवली तर टँक उकडणार.

त्याच वहीत खरं कारणही होतं. काही महिन्यांपूर्वी पाण्याचा स्रोत बदलला होता, ताईंनी तशी एका ओळीची नोंद केलेली. केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा जडपणा, आधी ४ असायचा, आता मोजला तर ९, पीएच सीओटू चालू असतानाही सातच्या वर. आणि त्या घालत होत्या ते लोहाचं लिक्विड खत ईडीटीएवालं, म्हणजे लोह पाण्यात विरघळलेलं धरून ठेवायला ईडीटीए हे रसायन असलेलं. ईडीटीए पीएच साडेसहा-सातच्या वर गेला की लोहाला फार वेळ धरून ठेवत नाही, लोह सुटतं आणि बसून जातं. खत घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोहाची टेस्ट शून्य. वर्षानुवर्षं मुळांनी ओढून खालच्या लॅटराइटमधलं सहज मिळणारं लोहही कमी झालं असणार. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात हलत नाही, म्हणून कमतरता आधी नव्या पानात दिसते, शिरा हिरव्या आणि मधे पिवळं, अगदी इथे होतं तसंच.

काय केलं

केबल बंद केली आणि काही आठवडे दुसरं काहीच बदललं नाही. ताईंना हे जड गेलं, पिवळी पानं समोर दिसत असताना हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे. पण त्यातून एक सरळ उत्तर मिळालं, केबल बंद केल्याने झाडं ना सुधारली ना बिघडली, डावीकडे ना उजवीकडे.

मग लोहाचं खत बदलून डीटीपीएवालं घेतलं, हेही लोह धरून ठेवणारं तसंच रसायन पण साडेसात पीएचपर्यंत तग धरतं, आणि रोज थोडं थोडं द्यायला सुरुवात केली. त्याच सुमाराला प्रत्येक स्वॉर्डभोवती, खोडापासून वितीच्या निम्म्या अंतरावर, मातीत कालवलेल्या लोहखताच्या गोळ्या लांब चिमट्याने खोल ढकलल्या. चिमटा अगदी सावकाश बाहेर काढायचा नाहीतर गोळीचा गाळ वर येतो. लाकडाच्या पायथ्याशी ढकलताना बुडबुडे निघाले आणि सडक्या अंड्याचा वास आला, हायड्रोजन सल्फाइडच तो. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तो पटकन विरतो, तरी त्या रात्री एअरपंप लावून ठेवला आणि त्या भागात पुन्हा चिमटा घातला नाही, तिथे नंतर मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई सोडल्या, त्या ग्रॅव्हल पोखरत राहतात.

सायफन फक्त वरच्या वर फिरवला. खाली खुपसून साफ करायचा मोह ताईंना होत होता कारण रंगाची चाचणी बघितल्यावर फटी मोकळ्या कराव्याशा वाटणं साहजिक आहे, पण तिथे मुळांचं जाळं होतं, आणि फटी मोकळ्या करून केबलला काम देण्यासाठी झाडांची मुळं तोडायची ह्यात काही अर्थ नव्हता.

निष्पत्ती

नवीन पानं काही आठवड्यांत हिरवी यायला लागली, दोन्ही बाजूंना. आधीची पिवळी पानं तशीच राहिली, ती परत हिरवी होत नाहीत, छाटूनच टाकली. 

थंडी आली तेव्हा दुसरा निर्णय घ्यावा लागला. उजवीकडचा तळ पाण्यापेक्षा गार होता हे आकड्यांत दिसलं होतं आणि थंडीत तो आणखी गार होणार. भरलेल्या टँकखाली जाड फोम सरकवता येत नाही. मग केबल परत चालू केली, पण वेगळ्या कामासाठी. कंट्रोलरचा सेन्सर पाण्यातून काढून ग्रॅव्हलमधे डावीकडे पुरला आणि २५ वर लावला, म्हणजे तळ पाण्याएवढाच राहील, त्याहून गरम नाही. पाणी तापवायचं काम हीटरकडे. केबल आता खूप कमी वेळ चालू असते.

त्या थंडीत डावीकडच्या क्रिप्टनी उजवीकडच्यांच्या आधी नवीन धावत्या फुटी सोडल्या. स्वॉर्डमधे मात्र डावं-उजवं काही कळत नव्हतं. हा फरक प्रवाहाचा म्हणता येणार नाही, कारण प्रवाह नव्हताच, हा नुसत्या उबेचा. थंड खोलीत, पातळ फोमवर ठेवलेल्या टँकमधे मुळांना गारठ्यापासून वाचवणं एवढा फायदा केबल देते, आणि तो छोटा असला तरी खरा आहे.

पुन्हा करायचं तर

डीटीपीए आणि गोळ्या एकाच वेळी द्यायला नको होत्या. सुधारणा पाण्यातल्या लोहामुळे की मुळांशी दिलेल्या गोळ्यांमुळे हे त्यामुळे वेगळं काढता आलं नाही. केबलच्या बाबतीत जशी धीराने वाट बघितली तशीच इथेही बघता आली असती, आधी डावीकडच्या निम्म्या स्वॉर्डनाच गोळ्या, बाकीच्यांना नुसतं डीटीपीए. पण झाडं महिनोन्महिने उपाशी होती आणि ताईंना आणखी थांबायला सांगणं मलाही योग्य वाटलं नाही, तेव्हा हा निर्णय तसा घेतला गेला ह्यात मला फार वावगं दिसत नाही.

केएच आणि लोह पहिल्याच बैठकीत मोजायला हवं होतं. आम्ही केबलपासून सुरुवात केली कारण तक्रारच केबलची होती. ज्याचं नाव तक्रारीत येतं त्याच्याच मागे माणूस लागतो, आणि नवीन पान पिवळं दिसलं की लोह आणि पाण्याचा पीएच ह्यांचा विचार सगळ्यात आधी यायला पाहिजे.

तळात एक सेन्सर टँक लावतानाच पुरून ठेवायला हवा, त्याची वायर मागच्या कोपऱ्यातून वर आणायची. नंतर सुई खुपसून मोजण्यात मुळं दुखावतात.

आणि नवीन टँक लावणाऱ्यांसाठी, ताईंचा दुसरा लहान टँक ह्यानंतर लागला त्यात आम्ही जे केलं ते सांगतो. तिथे अ‍ॅक्वासॉइल असल्यामुळे केबल टाकलीच नाही, त्या दाण्याचे तुकडे काळाने मऊ होऊन फटी बुजतातच आणि खत मुळांशी आधीच असतं. त्याऐवजी टँकखाली जाड फोम घातला, तळाची उष्णता खाली जाणं तिथेच थांबलं. ज्यांना ३ मिमीचं ग्रॅव्हल आणि थंड खोली अशी दोन्ही आहेत आणि केबल हवीच आहे त्यांनी ती पूर्ण तळभर, सारख्या अंतराच्या वेटोळ्यांनी, कुठेही वायरवर वायर न चढवता टाकावी, जड दगड आणि लाकूड तिच्यावर टेकवू नये, लांब होतेय म्हणून कापू नये कारण कापली की रोध कमी होऊन ती ठरल्यापेक्षा जास्त तापते, आणि पाणी पूर्ण काढताना ती आधी बंद करावी. ग्रॅव्हल टाकायच्या आधी तिचा रोध मोजून तो आकडा तारखेसकट ट्रान्सफॉर्मरवर चिकटवून ठेवावा. ताईंच्या ट्रान्सफॉर्मरवर आता ११.५ असं लिहिलेलं आहे आणि दर थंडीच्या आधी त्या तो आकडा परत मोजून बघतात.